भिंत वाळेपर्यंत

गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी भाऊजी जेवायला आले आणि हात धुऊन थेट बेडरूमच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. आमचा फ्लॅट डोंबिवलीला, १९९१ सालच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. बेडरूम आणि बाथरूम यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत पोपडे सुटलेले. मी पलंग पुढे ओढला होता, खाली वर्तमानपत्रं अंथरली होती. पुट्टीची पिशवी, पॉलिश पेपर, ब्रश, रंगाचा चार लिटरचा डबा, सगळं आणून झालं होतं. भाऊजी बावीस वर्षं बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहेत. त्यांनी भिंत अंगठ्याने दाबली. प्लास्टरचा भुगा खाली सांडला आणि अंगठ्यावर मिठासारखी पांढरी भुकटी राहिली.

पुढे जे बोलणं झालं ते जवळजवळ जसंच्या तसं लिहिते. आमचं दोघांचं पटलं नाही, आणि काही बाबतींत अजूनही पटत नाही.

भाऊजी : वहिनी, हे काम कोण करणार आहे?

मी : मीच. शनिवार-रविवार धरले तर दोन आठवड्यांत होईल. दिवाळीला खोली नवी दिसेल.

भाऊजी : आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत पोपडे. ही भुकटी बघा. लोणा लागलाय भिंतीला.

मी : दोन वर्षांपूर्वी कारागिराकडूनच करून घेतलं होतं, भाऊजी. त्याने घासलं, पुट्टी भरली, रंगाचे दोन हात मारले, अकरा हजार घेतले आणि पुढच्या जुलैत भिंत होती तशी झाली. माझ्या हातून तेच झालं तर निदान अकरा हजार तरी वाचतील.

भाऊजी : त्याचा हात चुकला नव्हता, डोकं चुकलं होतं. पाणी कुठून येतंय हे न बघता त्याने रंग मारला. तुम्हीही आता तेच करताय, फक्त फुकटात करताय. म्हणून सांगतो, यात घरच्या माणसाने पडू नये. ज्याचं काम त्यानेच करावं.

मी : आणि ज्याचं काम त्याने दिलेला आकडा ऐकलात का? बाथरूमच्या सगळ्या टाइल्स उखडायच्या, खाली वॉटरप्रूफिंग, नवी फरशी, मग ही भिंत. अडतीस हजार. आमच्याकडे या कामासाठी पंधरा आहेत. मुलाची शाळा, घराचा हप्ता आणि सासूबाईंची औषधं भागवून राहिलेले पंधरा.

पंधरा हजार ही आमच्यासारख्या घरात छोटी रक्कम नाही. ती कुठे घालायची, हे चुकलं तर वर्षभर ती चूक डोळ्यांसमोर राहते. त्यामुळे ‘कारागीर बोलवा’ असं कुणी सहज म्हटलं की मला राग येतो, आणि त्या दिवशीही आला.

मी : माझं आजोळ वाईजवळच्या खेड्यात. नवरात्राआधी आजी सगळं घर स्वतः सारवायची. भिंती पांढऱ्या मातीने पोतारायची, खाली गेरूचा पट्टा ओढायची. पावसाने ओटा खचला तर माती कालवून तीच थापायची. गावात एकही बाई असं म्हणाली नसेल की हे गवंड्याचं काम आहे. घर राखणं हे आपल्याकडे बायकांच्याच हातातलं काम होतं. ते कधीपासून आपल्याला जमेनासं झालं?

भाऊजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझा मुद्दा खोडला गेला नाही, पण मला पहिल्यांदा भिंत दिसली.

भाऊजी : आजीची भिंत मातीची होती, वहिनी. माती पाणी पिते आणि सोडते. चुन्याचंही तसंच. पावसाळ्यात भिंत ओलावते, हिवाळ्यात वाळते, जे झडलं ते दसऱ्याला परत सारवायचं. घराची रचनाच अशी होती की दरवर्षी हात फिरवायचा. तुमच्या या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर, त्यावर पुट्टी, त्यावर प्लास्टिक इमल्शन. बाहेरून झाकण बसवल्यासारखं. आत पाणी शिरलं की त्याला बाहेर पडायला जागा नाही. मग ते विटेतले, सिमेंटमधले क्षार घेऊन रंगापर्यंत येतं, तिथे वाळतं, क्षाराचे खडे फुगतात आणि रंग ढकलून देतात. पोपडा म्हणजे दुसरं काही नाही. त्यावर जितका भारी रंग लावाल तितका मोठा पोपडा पडेल.

मी : म्हणजे दोन वर्षांपूर्वी त्याने महागातला रंग सुचवला, तो...

भाऊजी : तो भिंतीला आणखी घट्ट झाकण होता.

मी : मग आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. त्याला तरी कारागीर लागतो का?

इथे भाऊजींना थांबावं लागलं. शोधायला कारागीर लागत नाही, हे त्यांना मान्य करावं लागलं. उलट नाक्यावरून आलेला माणूस शोधण्यात दोन दिवस घालवू शकत नाही. त्याचा रोज बुडतो. घरात राहणारं माणूस मात्र भिंतीकडे बाराही महिने बघत असतं. ओल फक्त पावसात वाढते की उन्हाळ्यातही असते? वरून खाली उतरते की खालून वर चढते? आंघोळी झाल्यावर डाग गडद होतो का? वरच्या मजल्यावरचे लोक गावाला गेले की फरक पडतो का? या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती. आमची ओल मे महिन्यातही होती आणि खालून वर चढत होती. म्हणजे बाहेरच्या भिंतीची तड आणि वरच्या मजल्याचा पाइप दोन्ही बाजूला पडले. आमच्याच बाथरूमचं पाणी होतं.

भाऊजींनी दोन चाचण्या सांगितल्या. पहिली प्लास्टिकची. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवायचा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दोन दिवस हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते. समोरच्या बाजूला, खोलीकडे जमलं तर ती हवेतली वाफ आहे. तिला खिडकी उघडणं आणि पंखा एवढाच खर्च. दुसरी चाचणी बाथरूमची. नहाणीत, म्हणजे पाणी जायच्या भोकात, ओल्या फडक्याचा बोळा घट्ट कोंबायचा, उंबऱ्याच्या आत दोन इंच पाणी साठवायचं, टाइलवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि चोवीस तासांनी बघायचं.

मी : थोडं पाणी नुसतं उडूनही जाईल ना? मग कळणार कसं?

भाऊजी : कळतं अंदाजाने.

मी : अंदाज कशाला? शेजारी टबात पाणी भरून त्यालाही रेघ मारते. टबातलं जितकं उतरेल तितकं उडालं. जमिनीवरचं त्याहून जास्त उतरलं तर मुरलं.

भाऊजी : बावीस वर्षांत साइटवर हे कुणी केलं नाही.

मी : साइटवर कुणाला पंधरा हजारांत भागवायचं नसतं.

मग बोलणं विजेकडे वळलं, आणि तिथे भाऊजी एक पाऊलही मागे सरले नाहीत. गीझरचं बटण मध्येच गरम होतं, ते मीच बदलणार असं मी म्हणाले होते.

भाऊजी : नाही. तिथे तुमचं काही ऐकणार नाही. दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो, तीन हजारांचा १३. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं, त्याला पुरेल एवढ्या जाडीची तार लागते आणि धड अर्थिंग लागतं. १९९१ च्या इमारतीत भिंतीच्या आत कोणती तार ओढलीय हे तुम्हाला दिसत नाही. बटण गरम होतं म्हणजे तारेचा सांधा ढिला असेल किंवा तार कमी पडत असेल. बटण बदलून दुसरं लावलं तर दुसरंही गरम होईल आणि एक दिवस जळेल. वायरमन आयटीआयला दोन वर्षं शिकतो. ती दोन वर्षं तुम्ही रविवारी दुपारी भरून काढणार का?

मी : बरं. मग मी काय बघायचं?

भाऊजी : बोर्डाच्या मेन पेटीत तीस मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं उपकरण, आहे का बघा. नसेल तर रंग राहू दे, ते आधी बसवा. त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. खट्कन बंद झालं म्हणजे ते जिवंत आहे. ते बटण दाबणं हे तुमचं काम.

आमच्या पेटीत ते नव्हतं. पंधरातले पहिले पैसे तिथे गेले, आणि त्याबद्दल मला कणभरही वाईट वाटत नाही.

भाऊजींना माझं ड्रिलही पसंत नाही. मला ते फार उपयोगाचं वाटतं. गेल्या वर्षी घेतल्यापासून पडद्यांचे रॉड, मुलाचं पुस्तकांचं फडताळ, स्वयंपाकघरातल्या कड्या, सगळं मी केलं. गिट्टी ठोकायची, स्क्रू आवळायचा, यात काही अवघड नाही. भाऊजींचं म्हणणं असं की साइटवर फुटलेल्या निम्म्या पाइपांना कुणीतरी कॅलेंडरचा खिळा मारलेला असतो. त्यावर त्यांनी एक नियम दिला, तो इथे लिहून ठेवते : नळाच्या किंवा बटणाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, कारण पाइप आणि तारा बहुतेक उभ्या-आडव्याच नेलेल्या असतात.

मी : हे तुम्ही शिकवलंत तर मी चुकणार नाही. तुम्ही शिकवतच नाही. ‘कारागीर बोलवा’ म्हणता. मग कारागीर येतो आणि मला कळत नाही म्हणून काहीही सांगतो. मागे नळ गळत होता तर म्हणाला, पूर्ण नळ बदला. मी पाना घेऊन उघडला. आतला वॉशर झिजून चपटा झाला होता. दहा रुपयांच्या आत काम झालं. सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसाला ८६,४०० थेंब जात होते.

भाऊजी : आणि बेडरूमच्या दाराला रंधा मारलात ते?

ते खरं होतं. जुलैत दार फुगून चौकटीत अडकायला लागलं म्हणून मी कडेला रंधा मारला. मार्चमध्ये लाकूड आकसलं आणि दार आणि चौकटीच्या मधून उजेड दिसायला लागला. भाऊजींनी दार हाताने हलवून दाखवलं, मग स्टुलावर चढून दाराच्या वरच्या कडेवर बोट फिरवलं. तिथे रंगच नव्हता, कोरं लाकूड. रंगारी समोरून दिसतं तेवढं रंगवतो. वरची आणि खालची कड उघडी राहते आणि पावसाळ्यात दार तिथूनच हवेतलं पाणी पितं. उन्हाळ्यात, लाकूड पूर्ण वाळलेलं असताना, त्या दोन कडांना ऑइलपेंटचे दोन हात द्यायचे. दार उतरवायला दोन माणसं लागतात. रंध्याला हात लावायची गरज नव्हती.

मी : म्हणजे हेही मला करता येण्यासारखंच होतं. फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

भाऊजी : हं. खिडकीच्या ग्रिलचं काय ठरवलंय?

मी : जुना ऑइलपेंट घासून काढायचा आणि नवा लावायचा.

भाऊजी : मुलगा सहा वर्षांचा आहे ना? मग कोरडं घासू नका. रंगात शिसं किती चालतं याचा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, दहा लाखात नव्वद भाग. हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइलपेंटमध्ये तर शिसं असण्याची शक्यता जास्त. कोरडं घासलं की ती धूळ जमिनीवर बसते, मुलाच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. पाणी मारून ओलं घासा, तोंडाला चांगला मास्क बांधा, मुलाला त्या दिवशी आमच्याकडे पाठवा आणि नंतर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. किंवा रंग घट्ट असेल तर खरवडूच नका. वरून पुसून नवा हात द्या.

हे मला रंगाच्या दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या इमारतीत दरवर्षी कुणा ना कुणाच्या खिडक्या घासल्या जातात, जिन्यात ती धूळ पडलेली असते आणि मुलं तिथे खेळतात.

जेवणानंतर भाऊजी बाथरूमच्या माळ्यात डोकावले. बीमच्या खालच्या कडेला तांबूस रेघ होती आणि प्लास्टरला बारीक तड. मी म्हटलं, सिमेंट भरून घेते. त्यांचा चेहरा बदलला. आतली सळई गंजते तेव्हा फुगते आणि काँक्रीट फोडते. वरून सिमेंट थापलं तर तड झाकली जाते, गंज चालूच राहतो. हे काम माझंही नाही आणि त्यांच्या एकट्याचंही नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. आमची इमारत तिशी ओलांडून गेली. मी त्याच संध्याकाळी फोटो काढून सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला. असा अर्ज लिहिणंही घराच्या दुरुस्तीतच येतं.

शेवटचा वाद मजुरीवरून झाला.

मी : एक तरी खरं सांगा. गवंडी आठशे मागतो, आपण सहाशेत करायला लावतो, आणि वर म्हणतो की कारागिराला काम मिळालं पाहिजे.

भाऊजी : घासाघीस मी करत नाही. सकाळी नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला महिन्यातले किती दिवस काम मिळतं ते मी रोज बघतो. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायचं तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला देताना ठेकेदार टाळाटाळ करतात. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून सगळं त्या नावावर अवलंबून. म्हणून मी म्हणतो, घरातली कामं घरचेच करायला लागले तर या माणसांनी जायचं कुठे?

मी : पण मी वॉशर बदलला म्हणून गवंड्याचा रोज बुडत नाही, भाऊजी. बुडतो तो तुमच्यासारखे लोक दर पाडतात तेव्हा... तुम्ही नाही, पण साइटवाले. मी माझ्या हाताने जे वाचवेन ते त्याला पूर्ण मजुरी द्यायलाच उपयोगी पडेल. खरवडणं, घासणं, सांध्यातला जुना सिमेंट काढणं, भिंतीवर पाणी मारणं ही वेळखाऊ कामं मी करते. फोडायचं, बसवायचं आणि ढाळ काढायचं काम त्याचं. आठशे म्हणाला तर आठशे.

भाऊजींना हे पूर्ण पटलं नाही. त्यांचं म्हणणं, एकाच कामात दोन हात आले की जबाबदारी कुणाचीच राहत नाही. त्यात तथ्य आहे. म्हणून गवंड्याबरोबर काम सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून घेतलं : काय तो करणार, काय मी, आणि त्याचं काम झाल्यावर पाण्याची चाचणी पुन्हा घेऊनच उरलेले पैसे.

प्लास्टिक दोन दिवसांनी काढलं तेव्हा भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब होते. बाथरूमची चाचणी घेतली त्या दिवशी आम्ही चौघांनी शेजाऱ्यांकडे आंघोळी केल्या. टबातलं पाणी केसभर उतरलं, जमिनीवरचं बोटभर. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तेव्हाच सांगितलं की त्यांच्याही छतावर डाग आहे. संकोचाने वर्षभर बोलल्या नव्हत्या. टाइल्सचे सांधे मी वाकलेल्या लोखंडी पट्टीने चार रात्री खरवडले. जुना पांढरा सिमेंट जागोजागी वाहून गेलेला होता, नहाणीच्या भोवती तर बोट जाईल एवढी फट. गवंड्याने नहाणीभोवतालचा दीड फूट भाग तेवढा उघडला, ट्रॅप नव्याने बसवला, त्याभोवती वॉटरप्रूफिंग केलं आणि ढाळ नीट काढला. बाकीच्या सगळ्या टाइल्स जागेवर राहिल्या. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट मी स्वतः भरलं. ते लवकर घट्ट होतं म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि टाइलवरचं लगेच पुसायचं. गवंडी, मदतनीस, सामान आणि मेन पेटीतलं आरसीसीबी मिळून साडेनऊ हजार झाले. पाण्याची दुसरी चाचणी घेतली तेव्हा टब आणि जमीन यांच्या रेघा एकसारख्या उतरल्या होत्या.

मग मी बेडरूमच्या भिंतीचं फुगलेलं प्लास्टर विटेपर्यंत काढलं, लोणा कोरड्या ब्रशने झाडला आणि भिंत तशीच उघडी ठेवली. सासूबाईंना ते आवडलं नाही. दिवाळीत पाहुणे आले, त्यांनी उघड्या विटा बघितल्या, कुणी विचारलं तर मी सांगितलं की भिंत वाळतेय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्लास्टिक लावायचं आणि मंगळवारी काढून बघायचं. नोव्हेंबरात मागे थेंब होते, डिसेंबरात नुसता धुरकटपणा. जानेवारीत प्लास्टिक कोरडं निघालं. गवंडी येऊन पाव ब्रास प्लास्टर करून गेला, मी त्यावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, आणि पुन्हा महिनाभर थांबले.

काल भाऊजी आले तेव्हा त्यांनी भिंत अंगठ्याने दाबली. अंगठा कोरडा होता. रंगाचा डबा सप्टेंबरपासून माळ्यावर होता, तो आज खाली काढला.